भाड्याच्या घरातली ओल: बुरशी कुणामुळं, खर्च कुणाचा?

नवरात्राच्या आधी घर आवरायला काढलं आणि कोपऱ्यातलं ज्वारीचं पोतं ओढलं, तर भिंतीकडची बाजू हाताला गार लागली. शिवण उसवली. वरची ज्वारी चांगली टणक, पांढरी. भिंतीला टेकलेली ओंजळभर मात्र काळी पडलेली, दाण्याला दाणा चिकटलेला, वास कुबट. मागच्या भिंतीवर पोत्याच्या आकाराचा हिरवट-काळा डाग.

परभणीतली ती दोन खोल्यांची जागा होती. घरमालकांना आम्ही काका म्हणायचो. काका आले, डागावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "आता पोतं भिंतीला लावून ठेवल्यावर ओल धरणारच की!" आमची आई म्हणाली, "काका, भिंत कोरडी असती तर पोत्याला काय धाड भरली होती?" तावातावानं बोलणं झालं आणि पुढचे दोन महिने भाडं द्यायला मीच जायचो, आई जायची नाही.

खरं तर निम्मं-निम्मं दोघांचंही बरोबर होतं. भिंतीपलीकडं न्हाणीघर होतं, आतला नळ झिरपत होता. ते काम काकांचं. आणि पोतं फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं, ते आमचं. हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं, स्वतःची एक खोली भाड्यानं द्यायला लागल्यावर. भांडण बुरशीवरून होतं, पण शोधायचं असतं ते पाणी. पाणी कुठून येतंय हे कळलं की खर्च कुणाचा, हे बहुतेक वेळा तिथंच ठरतं. म्हणून हा लेख त्याच क्रमानं लिहिला आहे: आधी पाणी, मग कायदा, मग मिस्त्री.

मराठवाड्यासारख्या दुष्काळी भागात ओल कुठली?

पुण्या-मुंबईकडचे पाहुणे हे हमखास विचारतात. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं घरात बुरशी कशी? तर अशी: पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी साठवण. गच्चीवर टाक्या, जिन्याखाली हौद, न्हाणीत ड्रम. नळ आला की टाकी भरून वाहते आणि गच्चीवर तळं होतं. दुसरं, आपली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. पाया हलतो आणि भिंतीला तिरक्या चिरा जातात. त्या चिरांतून पाणी आत. तिसरं कारण रस्त्याचं. गल्लीत दर वेळी जुन्याच्या उरावर नवा सिमेंट रस्ता होतो आणि बघता बघता रस्ता जोत्याच्या वर जातो. मग पहिल्याच मोठ्या सरीत पाणी उंबऱ्याशी. शिवाय आपल्याकडं मोठा पाऊस भाद्रपदात, सप्टेंबरात कोसळतो. २०२५ च्या सप्टेंबरात धाराशिव, बीडकडं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. आणि उन्हाळ्यातला कूलर; त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

पायरी १: लोणा आहे की बुरशी?

पांढरी पावडर दिसली की लोक बुरशी म्हणून ओरडतात. बऱ्याचदा तो लोणा असतो: विटांतले, वाळूतले, बोअरच्या खाऱ्या पाण्यातले क्षार ओलीबरोबर भिंतीवर येतात आणि सुकून पीठ पडतं. बोटानं चोळला तर खरखरीत लागतो, पाण्याचा थेंब टाकला की विरघळतो. बुरशी विरघळत नाही. ती पसरते, डाग मऊ किंवा केसाळ दिसतो, रंग काळा, हिरवा, कधी करडा, आणि खोली बंद करून तासाभरानं उघडली की वास येतो. लोणा तब्येतीला तितका त्रास देत नाही, पण पाणी भिंतीतून येतंय याचा तो पक्का साक्षीदार आहे. त्यामुळं फोटो त्याचाही काढून ठेवा.

एक भीती इथंच काढून टाकू. २०२१ मध्ये कोरोनानंतर म्युकरमायकोसिसला 'काळी बुरशी' नाव पडलं आणि तेव्हापासून भिंतीवर काळा डाग दिसला की लोक हादरतात. त्या आजारातला काळेपणा मेलेल्या पेशींचा असतो. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो आजार नव्हे. भिंतीच्या बुरशीनं होतं ते म्हणजे शिंका, खोकला, दमा बळावणं, अंगाला खाज. घरात दम्याचं लेकरू असेल, म्हातारं माणूस असेल, कुणाची साखर वाढलेली असेल, तर मात्र त्या खोलीत त्यांना झोपवू नका.

पायरी २: पाणी कुठून येतंय ते शोधा

इथं घाई करू नका. चार दिवस द्या.

आधी डागाची जागा बघा. फरशीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल, वर कोरडं असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. जोत्याला ओलरोधक थर नाही किंवा रस्ता वर आला आहे. छतावर गोल, पिवळसर कडेचा डाग असेल तर स्लॅब गळतोय. वर जाऊन टाकी, कोबा (गच्चीवरचा सिमेंटचा थर) आणि पाणी जायचं तोंड बघा. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून ओघळ असतील तर सज्जा किंवा चौकटीचा सांधा. न्हाणीला लागून असलेली भिंत भर उन्हाळ्यातही ओली असेल तर नळ. पावसाळी ओल वैशाखात सुकते, नळाची सुकत नाही; मला वाटतं, एवढा एक फरक लक्षात ठेवला तरी निम्मी भांडणं मिटतील.

मग एक साधी परीक्षा. दुधाच्या पिशवीसारखं जाड, पारदर्शक प्लास्टिक हातभर कापा, डागाजवळ भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. प्लास्टिकच्या मागं, भिंतीकडून दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दव धरलं तर दमटपणा खोलीतलाच: ओले कपडे, स्वयंपाकाची वाफ, कूलर. दोन्हीकडं धरलं तर दोन्ही कारणं आहेत, आमच्या ज्वारीसारखं.

नळाची शंका असेल तर रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याला खडूनं खूण करा. सकाळी पाणी खूण सोडून खाली गेलेलं असेल तर कुठंतरी झिरपतंय. न्हाणीच्या फरशीची शंका असेल तर मोरीचं तोंड फडकं कोंबून बंद करा, दोन बोटं पाणी साठवून दिवसभर ठेवा आणि पलीकडच्या भिंतीवर नजर ठेवा.

पत्र्याच्या खोल्यांची गंमत वेगळी. थंडीत पहाटे पत्र्याला आतून घाम येतो आणि थेंब अंथरुणावर पडतात. छत गळतंय म्हणून डांबर लावून काही होत नाही. आतून शीट मारणं आणि वर हवा जायला जागा ठेवणं हाच उपाय.

पायरी ३: काम कुणाचं?

स्लॅबची गळती, भिंतीच्या चिरा, जमिनीतून चढणारी ओल, भिंतीतले नळ, ड्रेनेज, सज्जे, गच्चीची टाकी: ही सगळी घराच्या बांधणीची कामं, म्हणजे घरमालकाची. रस्ता उंच केला तो नगरपालिकेनं, मालकानं नव्हे, हे खरं. पण भाडेकरूनं तर नक्कीच नाही. नगरपालिकेकडं तक्रार मालकानं करायची, जोत्याची दुरुस्तीही त्यानंच.

भाडेकरूचं काम: न्हाणीची खिडकी उघडी ठेवणं, मोरी तुंबू न देणं, नळाचा वॉशर बदलणं, कपडे खोलीत न वाळवणं, आणि ओल दिसली की त्याच आठवड्यात कळवणं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. सहा महिने गप्प राहून भिंत पोखरू दिली, तर वाढलेल्या नुकसानीत भाडेकरूचाही वाटा धरला जाऊ शकतो.

आता कूलर. मराठवाड्यातल्या भाड्याच्या खोल्यांत मला दिसलेली बुरशी बरीचशी कूलरचीच. एप्रिल-मेमध्ये खिडकीत कूलर बसवतात, भोवतीची फट पुठ्ठ्यानं बंद करतात आणि दुसरी खिडकी उकडतंय म्हणून लावून घेतात. कूलर आत ओली हवा ढकलतो. तिला बाहेर जायला वाट नसेल तर पंधरा दिवसांत कपाटामागं काळं धरतं. त्यात पंपाची नळी गळून चौकटीखालची भिंत भिजली, की ते नुकसान सरळ भाडेकरूचं. कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. गारवाही जास्त लागतो.

लातूरला, संभाजीनगरला एका खोलीत तीन-चार पोरं राहतात. क्लासला जायच्या घाईत खोलीतच दोरी बांधून कपडे वाळवतात, त्यात बिनखिडकीची न्हाणी. अशा खोलीला बुरशी धरली तर मालक म्हणतात, "पोरांनी केलं." पण न्हाणीला झरोकाच न ठेवता खोली पाडली कुणी? इथं मी मालकाला जास्त दोष देतो. कपडे वाळवायला गच्ची मोकळी करून दिली आणि न्हाणीत एक हवा फेकणारा छोटा पंखा बसवला, तर तक्रार पुष्कळ कमी होते.

फ्लॅट असेल तर तिसरा माणूस येतो. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीतून गळत असेल तर ती दुरुस्ती वरच्या सभासदाची. गच्ची, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाची गळती सोसायटीची. पण सोसायटीशी बोलायचं भाडेकरूनं नाही, मालकानं, कारण सभासद तो आहे. बांधकाम नवं असेल तर मालकानं आणखी एक बघावं: रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत निघालेला बांधकामातला दोष, तो कळवल्यापासून ३० दिवसांत, बिल्डरनं पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो.

पायरी ४: करार काढून वाचा

मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबाद घरभाडे कायदा होता. तो जाऊन सगळ्या राज्याला एकच, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे. त्याचं कलम १४ सांगतं की घर राहण्याजोगं, दुरुस्त ठेवायला घरमालक बांधील आहे. मात्र अट आहे: भाडेकरूनं करारात वेगळं काही कबूल केलेलं नसेल तर. म्हणून 'सर्व प्रकारची दुरुस्ती भाडेकरूने करावी' असं एक वाक्य टायपिंगवाल्यानं जुन्या करारातून उचलून टाकलेलं आहे का, ते आधी बघा. बहुतेक वेळा ते मालकालाही माहीत नसतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. आपल्याकडं चालतो तो अकरा महिन्यांचा करार, बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'. कायद्याच्या भाषेत त्यात राहणारा परवानाधारक असतो, भाडेकरू नव्हे, आणि कलम १४ भाडेकरूबद्दल बोलतं. त्यामुळं अशा करारात दुरुस्तीचं कलम स्पष्ट लिहून घेणं हाच खरा आधार. लिहायचं काय? एवढं पुरे: 'छत, भिंती, गळती, ओल, भिंतीतील नळ व ड्रेनेज यांची दुरुस्ती घरमालक कळविल्यापासून १५ दिवसांत करून देईल, नळाचे वॉशर, मोरीची सफाई व किरकोळ दुरुस्ती राहणारा करील.' केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात कामांची अशीच वाटणी दिली आहे. तो राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, पण नमुना म्हणून चांगला आहे.

करार लेखी आणि नोंदणीकृत करणं कलम ५५ प्रमाणं सक्तीचं आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. हे मी तीन वेगवेगळ्या घरमालकांना सांगितलंय, तिघांनाही पटलेलं नाही.

गाव लहान असेल आणि भाडे कायद्याच्या यादीत नसेल, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघायचा. त्यात मालकाला ठाऊक असलेला आणि नेहमीच्या पाहणीत न दिसणारा दोष घर देताना सांगायचं बंधन आहे. ओलीवर पुट्टी-रंग मारून खोली देणाऱ्यांनी हे वाचावं.

पायरी ५: तोंडी सांगा, मग लेखी द्या

आपल्याकडं सरळ नोटीस धाडली की मालक म्हणतो, "घरच्यासारखं ठेवलं आणि कागद दाखवतो?" म्हणून आधी बोलवा, चहा ठेवा, भिंत दाखवा. बोलणं झालं की त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटोसह लिहा: 'काका, आज आपण भिंत पाहिली, मिस्त्री रविवारी पाठवतो म्हणालात, आभारी आहे.' यात भांडण काहीच नाही, पण तारीख राहते. फोटो काढताना डागाच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहा. आठवड्यानं डाग रेघेबाहेर गेला की वाद घालायला जागा उरत नाही.

'दसऱ्याला रंग देऊ, तेव्हा बघू' असं उत्तर आलं की लेखी नोटीस. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा. मजकूर असा चालेल:

'महोदय, आपल्या मालकीच्या वरील घरात मी दि. … पासून भाड्याने राहत आहे. दि. … पासून न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीला ओल येत असून बुरशी धरली आहे. नळ बंद ठेवूनही टाकीतील पाणी कमी होते, त्यामुळे भिंतीतील नळ गळत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. मिस्त्रीला घर दाखविण्यासाठी मी रोज सायंकाळी ६ नंतर घरी असतो.'

शेवटचं वाक्य गाळू नका. 'घर बघायला येऊच दिलं नाही' असं मग मालकाला पुढं म्हणता येत नाही. मालकालाही आधी कळवून, वेळेवर येऊन घर पाहण्याचा हक्क आहेच, कलम २८.

पायरी ६: तरीही हललं नाही तर

किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ थांबूनही काम झालं नाही, तर कलम १४ भाडेकरूला स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करण्याची मुभा देतं. मर्यादा आहे: एका वर्षात वर्षभराच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. भाडं ७,००० असेल तर वर्षाचे ८४,०००, म्हणजे २१,००० पर्यंत. मिस्त्रीकडून, दुकानातून पावत्या घ्या आणि एका वहीत हिशेब लिहा. लिव्ह अँड लायसन्समध्ये मात्र मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय एक रुपयाही कापू नका.

भाडं पूर्ण बंद करण्याची चूक तर करूच नका. रागात तेच सुचतं, आणि थकलेलं भाडं हेच मालकाच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार होतं. उरलेलं भाडं बँकेतून किंवा यूपीआयनं वेळेवर द्या. उलट्या बाजूनं, चिडून पाणी-वीज तोडणाऱ्या मालकाविरुद्ध कलम २९ आहे. कोर्टात जायची वेळ आलीच तर आपल्या जिल्ह्यांत हे दावे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडं चालतात. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन या. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पायरी ७: दुरुस्तीचा क्रम चुकवू नका

आधी पाणी बंद, मग भिंत सुकवायची, मग बुरशी काढायची, मग गिलावा, शेवटी रंग. सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो हा क्रम उलटा केल्यानं. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की दिवाळीला चकचकीत आणि संक्रांतीला पोपडे.

डाग दोन-तीन फूट लांबी-रुंदीचा असेल तर घरीच काढता येतो. तोंडाला मास्क, हातात मोजे, खिडक्या उघड्या. कोरडं खरडू नका, बीजं खोलीभर उडतात. कपड्याच्या पावडरीच्या पाण्यानं ओलं करून घासा, पुसा, पंखा लावून कोरडं करा. ब्लीच वापरायचं असेल तर ते टॉयलेट क्लीनरमध्ये किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो, बंद न्हाणीत तर जिवावर बेतेल. लोण्याला मात्र पाणी लावू नका, सुक्या ब्रशनं झाडा. भिजलेली गादी, प्लायवूडची सडलेली पाठ टाकून द्या. ज्वारीसुद्धा: आमच्या आजीनं ती ऊन दाखवून कोंबड्यांना घालू म्हटलं होतं, पण बुरशीचं विष उन्हानं जात नाही, जनावरालाही बाधतं.

जुना वाडा असेल, माळवदाचं घर असेल, तर मिस्त्री हटकून सिमेंटचा गिलावा सुचवतो. दगड-मातीच्या भिंती श्वास घेतात; सिमेंटनं बाहेरून तोंड बंद केलं की ओल आत कोंडते आणि आणखी वर चढते. तिथं चुनाच बरा.

मालक असाल तर

मृगाच्या आधी गच्चीवर चढा. पाणी जायच्या तोंडातला पाला काढा, टाकीला फ्लोट (भरली की पाणी आपोआप बंद करणारा) बसवा, कोब्याच्या चिरा भरा. खोली देताना रिकाम्या खोलीचा, कपाटाच्या आतल्या बाजूंसह व्हिडिओ काढून दोघांच्या फोनवर ठेवा. सोडताना डिपॉझिट कापायचं असेल तर त्याच व्हिडिओशी ताडून कापा आणि कशाचे किती ते लिहून द्या. राहण्या-वापरण्यानं फिकट झालेला रंग हे नुकसान नव्हे. त्याचे पैसे कापणं बरोबर नाही.

खोली बघायला जाल तेव्हा

शाळा-कॉलेजच्या हिशेबानं आपण खोल्या बघतो मे-जूनमध्ये, म्हणजे भिंती सगळ्यात कोरड्या असताना. तेव्हा डोळ्यांवर कमी आणि नाकावर जास्त भरवसा ठेवा. बंद कपाट उघडून वास घ्या. चार भिंतींपैकी एकाच भिंतीला, तोही कमरेपर्यंतच ताजा ऑइलपेंट दिसला, तर मालकाला नाही, शेजारणीला विचारा, "मावशी, पावसाळ्यात या खोलीत कसं असतं हो?"